कोळसा कामाला लावताना: निवड, चाचणी, जाळण, कोक आणि साठवण

बॉयलरला कोळशातली उष्णता हवी असते. स्पंज आयर्नच्या (खनिज न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या) भट्टीला हवा असतो त्यातला कार्बन, लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घ्यायला. झोतभट्टीला (लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसला) या दोन्हींच्या जोडीला तिसरीच गोष्ट लागते: लालबुंद झाल्यावरही वरच्या खनिजाचा भार पेलणारा सच्छिद्र, कणखर कोक, म्हणजे कोळसा हवेविना तापवल्यावर उरणारा घन कार्बन. सिमेंटच्या भट्टीत राखसुद्धा खपते, कारण ती सिमेंटच्या क्लिंकरमध्येच (दळण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांत) मुरते. म्हणून ‘चांगला कोळसा कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी काम ठरवायचे, मग त्या कामाला आडवे येणारे गुण तपासायचे. उष्मांक (किलोमागे मिळणारी उष्णता) उत्तम असलेला माल केवळ राख लवकर मऊ पडते म्हणून बॉयलर बंद पाडू शकतो. बॉयलरसाठी अव्वल ठरलेला कोळसा कोक ओव्हनमधून नुसता भुगा होऊन बाहेर येऊ शकतो.

लिग्नाइट, सब-बिट्युमिनस, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही चढती भाजणी बहुतेकांना माहीत असते. वर जावे तसा ओलावा आणि व्होलाटाइल मॅटर (म्हणजे तापवल्यावर वायू-वाफा होऊन निघून जाणारा भाग) कमी होतो आणि कार्बन वाढतो. लिग्नाइट चटकन पेटतो, पण त्याच्या वाहतुकीत पाण्याचेच भाडे जास्त भरावे लागते. अँथ्रासाइटला धूर जवळजवळ नसतो, पण तो पेटवताना घाम निघतो. कोक होतो तो बिट्युमिनसच्या मोजक्या जातींचाच. खरेदीला बसताना मात्र या नावांपेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल महत्त्वाचा.

अहवाल कसा वाचायचा

रोजच्या अहवालात चार आकडे असतात: ओलावा, राख, व्होलाटाइल मॅटर आणि फिक्स्ड कार्बन (वायू निघून गेल्यावर मागे राहणारा, राखेखेरीजचा जळणारा भाग). कोळसा २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करून प्रत्येक चाचणीला सुमारे १ ग्रॅम घेतात. ओलाव्यासाठी नमुना १०५ ते ११० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. व्होलाटाइलसाठी घट्ट झाकणाच्या मुशीत ९०० अंशांवर बरोबर ७ मिनिटे. राखेसाठी उघड्या बशीत थंड भट्टीपासून सुरुवात करायची, अर्ध्या ते एका तासात ५०० अंश गाठायचे, तिथे थोडे थांबायचे आणि मग ८१५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचे. उरलेला फिक्स्ड कार्बन वजाबाकीने काढतात, त्यामुळे आधीच्या तिन्ही चाचण्यांच्या चुका निमूटपणे त्याच्या माथी बसतात.

चुका ठरलेल्याच असतात. मुशीचे झाकण सैल राहिले की आत हवा शिरते, थोडा कार्बन जळतो आणि व्होलाटाइल फुगून दिसते. राखेची बशी एकदम तापलेल्या भट्टीत सरकवली तर पायराइटमधल्या (कोळशातल्या लोह-गंधकाच्या खनिजातल्या) गंधकाचा वायू बाहेर पडण्याआधीच चुना त्याला धरून ठेवतो आणि राख खरीपेक्षा जास्त भरते. शिवाय अमेरिकी मानकात व्होलाटाइल ९५० अंशांवर आणि राख ७५० अंशांच्या आसपास मोजतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांची मानके एकच आहेत का, ते पाहा.

सगळ्यात महाग पडणारा गोंधळ असतो तो ‘आधारा’चा, म्हणजे आकडा कोणत्या स्थितीतल्या मालाचा आहे याचा. प्रयोगशाळेत नमुना हवेत वाळवलेला असतो. गाडीतून उतरलेला माल तसा नसतो. एक उदाहरण घेऊ. हवेत वाळवलेल्या आधारावर ओलावा ६ टक्के, राख ३०, व्होलाटाइल २६, फिक्स्ड कार्बन ३८ आणि उष्मांक किलोला ४,८०० किलोकॅलरी. गाडीतल्या मालाचा एकूण ओलावा मात्र १२ टक्के. प्रत्यक्ष मिळालेल्या मालाचा आकडा काढायला १०० वजा १२ भागिले १०० वजा ६, म्हणजे ८८ भागिले ९४, या गुणकाने गुणायचे. उष्मांक येतो सुमारे ४,४९४. करारात ४,८०० लिहिले, पण आधार लिहिला नाही, तर सव्वासहा टक्क्यांहून जास्त उष्णता कागदावरच राहते.

हा ढोबळ उष्मांक झाला. यात धुराड्यातून वाफ होऊन निघून जाणाऱ्या पाण्याची उष्णता धरलेली असते, पण बॉयलरला ती मिळत नाही. निव्वळ उष्मांकासाठी हायड्रोजनची नऊ पट आणि ओलावा यांची बेरीज करून तिला किलोला ५८४ किलोकॅलरीने गुणायचे आणि येणारा आकडा वजा करायचा. वरच्या मालात हायड्रोजन ३ टक्के धरला तर ०.२७ अधिक ०.१२, म्हणजे ०.३९ किलो पाणी. त्याचे सुमारे २२८ किलोकॅलरी. उरतात ४,२६६ च्या आसपास. प्रयोगशाळेने दिलेल्या हायड्रोजनमध्ये ओलाव्यातला हायड्रोजन मिसळलेला नाही ना, हे विचारून घ्या; नाहीतर पाणी दोनदा वजा होते.

एक सोपी पडताळणी फारसे कुणी करत नाही. राख आणि ओलावा वगळून उष्मांक काढा. वरच्या उदाहरणात ४,८०० गुणिले १०० भागिले ६४, म्हणजे ७,५००. एकाच थरातल्या कोळशाचा हा आकडा खेपेगणिक फारसा हलत नाही. राख कमीजास्त होते, आतला कोळसा तोच राहतो. पुढच्या खेपेत तो अचानक ६,७०० किंवा ८,३०० आला तर एकतर चाचणी चुकली आहे, नाहीतर माल दुसऱ्याच खाणीचा आहे.

नमुना: चूक बहुतेक वेळा इथेच होते

चाचणी एका ग्रॅमची आणि सौदा हजारो टनांचा. त्या ग्रॅमात सगळा ढीग उतरला पाहिजे. ढीग रचताना मोठी ढेकळे घरंगळत पायथ्याशी जातात आणि चुरा मधोमध राहतो. पायथ्याशी उभे राहून चार घमेली भरली तर नमुना ढेकळांचाच होतो. राख ढेकळात आणि चुऱ्यात सारखी नसते, म्हणून तो आकडा ढिगाचा नसतोच.

नमुना वाहत्या मालातून घेणे उत्तम. माल वाहणारा पट्टा थांबवा, त्याच्या आकाराची चौकट उभी लावा आणि चौकटीच्या आतला सगळा माल काढा, तळाला चिकटलेली भुकटी ब्रशने झाडून घेऊन. पट्टा थांबवता येत नसेल तर पडत्या धारेतून पूर्ण रुंदी कापणारे पात्र एकसारख्या वेगाने फिरवा. पात्राचे तोंड सर्वांत मोठ्या ढेकळाच्या किमान तिप्पट हवे. ५० मिलिमीटरच्या मालाला १५० मिलिमीटर. तोंड लहान असेल तर ढेकळे काठावर आपटून बाहेर उडतात. असे घास (एका वेळी काढलेला माल) संपूर्ण खेपेत सारख्या अंतराने घ्या. पहिल्या तीन गाड्यांतून वीस आणि नंतर चहा, असे नको.

ओलाव्याचा नमुना वेगळा, तोही लगेच हवाबंद डब्यात. बाकीचा नमुना कमी करताना आधी दळायचा आणि मगच विभागायचा. उलट केले तर एखादे दगडी ढेकूळ इकडे की तिकडे पडले यावर राख ठरते. विभागायला खाचांची पेटी वापरा. ती नसेल तर शंकू करा, चपटा करा, चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. शेवटच्या भुकटीचा एक वाटा दोन्ही पक्षांच्या सहीने सीलबंद ठेवला की पुढची भांडणे लवकर मिटतात.

जाळताना

आधी आकार. चालत्या जाळीच्या भट्टीला एकसारखी लहान ढेकळे लागतात. चुरा जास्त झाला की तो जाळीतून खाली गळतो आणि थराला भोके पडतात. हवा तिथूनच पळते आणि बाकीचा थर उपाशी राहतो. चुरा टाळता येत नसेल तर कोळसा आधी भिजवून घेतात. चुरा १० ते १५ टक्के असेल तर ४ ते ५ टक्के पृष्ठओलावा आणि चुरा २५ ते ३० टक्के असेल तर ७ ते ८ टक्के. पाणी तापवायला उष्णता खर्च होते हे खरे, पण न जळता गळणारा चुरा त्याहून महाग पडतो. फ्लुइडाइज्ड बेडला (खालून फुंकलेल्या हवेने कण उसळत ठेवणाऱ्या भट्टीला) ६ ते १० मिलिमीटरच्या आतला माल चालतो. भुकटी जाळणाऱ्या मोठ्या बॉयलरला ७० ते ७५ टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ३०० मायक्रॉनवर उरणारा भाग २ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. राखेत न जळलेला कार्बन सापडतो तो बहुतेक या जाड कणांमुळे. मग गिरणीचे रूळ झिजलेत का, वर्गीकरणाची पाती बिघडली आहेत का, ते बघायचे.

हवेचा हिशेब पाठ असावा. एक किलो कोळशाला लागणारी सैद्धांतिक हवा, किलोमध्ये: कार्बनची ११.६ पट, अधिक हायड्रोजनमधून ऑक्सिजनचा आठवा भाग वजा करून त्याची ३४.८ पट, अधिक गंधकाची ४.३५ पट. कार्बन ४८ टक्के, हायड्रोजन ३, ऑक्सिजन ८ आणि गंधक अर्धा टक्का असेल तर उत्तर येते सुमारे ६.३ किलो. प्रत्यक्षात जास्त हवा द्यावीच लागते: भुकटीच्या बॉयलरला साधारण १५ ते २० टक्के, जाळीच्या भट्टीला ३० ते ५०. ती किती जाते हे धुरातल्या ऑक्सिजनवरून कळते. मोजलेला ऑक्सिजन भागिले २१ वजा तोच ऑक्सिजन, गुणिले १००. म्हणजे ३.५ टक्के ऑक्सिजन असेल तर जादा हवा २० टक्के, ६ टक्के असेल तर ४०. मोजणीची जागा भट्टीच्या जवळ हवी. पुढच्या जोडांतून आत गळणारी हवा ऑक्सिजन वाढवून दाखवते, आणि मग चालक भट्टीची हवा कापतो, नेमके उलटे.

काळा धूर म्हणजे हवा कमी, किंवा व्होलाटाइल जास्त असताना वरची दुय्यम हवा अपुरी. जाळीखालून कितीही हवा फुंकली तरी वरच्या वायूंना ती वेळेवर पोचत नाही.

बॉयलरमधला क्लिंकर, म्हणजे राख वितळून बसलेली ढेप, हा सगळ्यांचा डोकेदुखीचा विषय. अहवालात राख मऊ पडण्याचे तापमान मागवा, आणि ते ऑक्सिजन नसलेल्या वातावरणातले मागवा. राखेतले लोह ऑक्सिजन कमी असताना अशा रूपात राहते की ते सिलिकाला लवकर वितळवते. तापमान शंभरेक अंशांनी खाली येऊ शकते. म्हणूनच धुरातला सरासरी ऑक्सिजन ठीक असूनही भट्टीच्या एका कोपऱ्यात क्लिंकर धरतो: त्या कोपऱ्यात हवा पोचत नसते. कोळसा बदलण्याआधी हवेची वाटणी तपासा. फ्लुइडाइज्ड बेड ८०० ते ९०० अंशांत चालवला तर हा त्रास टळतो आणि चुनखडी घालून गंधकही बेडमध्येच अडवता येतो. तापमान ९५० च्या वर गेले की कण एकमेकांना चिकटू लागतात आणि बेड बसतो.

गंधकाचा दुसरा उपद्रव थंड टोकाला. धुराचे तापमान आम्लाच्या दवबिंदूखाली गेले की हवातापकाच्या (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या साधनाच्या) नळ्यांवर सल्फ्युरिक आम्ल बसते. जास्त गंधकाच्या मालासाठी धूर १३० अंशांच्या खाली आणण्याचा मोह आवरा. वाचवलेली उष्णता नव्या नळ्यांच्या खर्चात जाते.

कोक

१७०९ मध्ये अब्राहम डार्बीने इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल इथे झोतभट्टीत लाकडी कोळशाऐवजी कोक वापरला. लाकडी कोळसा ठिसूळ. भट्टी उंच केली की तळाशी त्याचा चुरा होतो आणि हवेची वाट बुजते. कोकने भार पेलला म्हणून भट्ट्या मोठ्या होऊ शकल्या. आजही भट्टीत उष्णता आणि वायूचे काम अंशतः भुकटी कोळसा फुंकून भागवता येते. भार पेलण्याचे काम दुसरे कोणी करत नाही.

कोकिंग कोळसा सुमारे ३५० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात मऊ होतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होतो. हा मऊपणा नसेल तर कितीही तापवा, कोक होत नाही. झटपट चाचणी म्हणजे मुशीत फुगण्याचा अंक: १ ग्रॅम कोळसा झाकलेल्या मुशीत तापवतात आणि तयार झालेल्या बटणाची आकृती ० ते ९ च्या चित्रांशी ताडतात. शून्य म्हणजे भुकटी. हा अंक जुन्या, हवा लागलेल्या मालात घसरतो, म्हणून कोकिंग कोळसा महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवणे म्हणजे त्याचा मूळ गुणच घालवणे.

एकाच खाणीच्या मालावर कोक फारसा कोणी करत नाही, मिश्रण करतात. जास्त व्होलाटाइलचा कोळसा आकुंचन देतो, मध्यमचा चांगला चिकटतो, कमी व्होलाटाइलचा कोकला बळकटी देतो पण ओव्हनच्या भिंतीवर दाब आणतो. हा शेवटचा वाटा डोळे मिटून वाढवला तर कोक बाहेर ढकलताना अडकतो आणि पुढे भिंतीला तडा जातो. नवे मिश्रण आधी हलत्या भिंतीच्या चाचणी ओव्हनमध्ये पाहावे. मिश्रण ३ मिलिमीटरच्या आत ८० ते ८५ टक्के येईल असे दळतात. स्वस्त, कमी चिकटणारा माल घालायचा असेल तर मिश्रण ठोकून घट्ट करून ओव्हनमध्ये भरण्याची पद्धत उपयोगी: घनता घनमीटरला ०.७५ टनाच्या आसपासवरून १.१ टनापर्यंत जाते, कण जवळ येतात आणि थोडा चिकटपणाही पुरतो.

ओव्हनमध्ये हवेविना साधारण १,००० ते १,१०० अंश आणि १६ ते २० तास. मधला भाग शेवटी शिजतो. घाईने काढला तर मध्ये काळा, मऊ पट्टा राहतो आणि ढकलताना धूर उठतो. शमवताना पाणी जास्त झाले तर कोकमध्ये ओलावा राहतो आणि झोतभट्टीचा कार्बनचा हिशेब रोज हलतो.

तयार कोकची महत्त्वाची जोडचाचणी अशी: २० मिलिमीटरचा २०० ग्रॅम कोक १,१०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचा. जितके वजन घटले ती त्याची अभिक्रियाशीलता. मोठ्या भट्टीला ती २५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी लागते. उरलेला कोक पिंपात ६०० फेरे फिरवून १० मिलिमीटरवर किती राहतो ते पाहायचे. तो आकडा ६० च्या वर हवा. राखेवरही डोळा हवा, कारण जितकी राख तितकी चुनखडी, तितका स्लॅग (वितळलेला मळ) आणि तो वितळवायला तितका जादा कोक. फॉस्फरस तर जवळजवळ पूर्ण लोखंडात उतरतो.

कोक न होणारा कोळसाही कच्चा माल असतो

स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीला उलट न चिकटणारा कोळसा लागतो. भट्टी १,००० ते १,०५० अंशांवर चालते. राख त्याहून बरीच वर मऊ पडणारी हवी, नाहीतर आतून कडी धरते आणि भट्टी थांबवून फोडावी लागते. कार्बन डायऑक्साइडशी झटपट अभिक्रिया करणारा कोळसा इथे गुणाचा. कोकच्या बरोब्बर उलट.

कोक ओव्हनमधून टनामागे ३० ते ४५ किलो डांबर आणि तीनशेच्या आसपास घनमीटर वायू मिळतो. वायूत निम्म्याहून जास्त हायड्रोजन. डांबर उकळण्याआधी त्यातले पाणी काढा, नाहीतर पात्रात फेस उसळून डांबर नळीत चढते. साधारण १७० अंशांपर्यंत हलके तेल, २३० पर्यंत फिनॉल आणि नॅप्थलीन, २७० पर्यंत क्रिओसोट, त्यापुढे अँथ्रासीन तेल आणि खाली निम्म्याहून जास्त पिच उरते. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने बनवलेला पहिला कृत्रिम जांभळा रंग याच डांबराच्या घटकांतून आला. आज पिचचे मोठे गिऱ्हाईक ॲल्युमिनियमचे ॲनोड बनवणारे. पिचच्या धुळीत कर्करोगकारक द्रव्ये असतात आणि ती अंगावर असताना ऊन लागले की कातडी भाजते. पूर्ण बाह्या, मुखवटा आणि शक्यतो उन्हाबाहेर काम.

साठवण

कोळसा हवेतला ऑक्सिजन सतत शोषतो आणि थोडा थोडा तापत राहतो. उष्णता बाहेर जाण्यापेक्षा जास्त वेगाने तयार झाली की ढीग स्वतःहून पेटतो. सगळ्यात वाईट ढीग म्हणजे ढेकळे आणि चुरा वेगवेगळे झालेला: ढेकळांतून हवा आत शिरते आणि चुऱ्यात तिला भरपूर पृष्ठभाग मिळतो. हवा पूर्ण मोकळी फिरली किंवा अजिबात शिरली नाही, तर ढीग सुरक्षित. मधली स्थिती घातक.

म्हणून जमीन आधी साफ करा. लाकूड, चिंध्या, तेलकट कापूस काहीही खाली राहू नये, आणि वाफेच्या नळ्या ढिगाजवळ नकोत. ३० ते ५० सेंटिमीटरचे थर पसरून प्रत्येक थर डोझरने दाबा. बाजू उताराच्या ठेवून त्याही दाबा. दोन जातींचे कोळसे एकत्र रचू नका. पाणी साचू देऊ नका: सुकलेला कोळसा पुन्हा भिजताना स्वतः तापतो, म्हणूनच कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस धोक्याचा. जुना माल आधी काढा. लिग्नाइट आणि सब-बिट्युमिनस तर आठवडे मोजून.

ढिगात ठिकठिकाणी बंद टोकाच्या लोखंडी नळ्या रोवा आणि दर काही दिवसांनी आत तापमापी सोडा. ५० अंशांपर्यंत नोंद ठेवत राहा. ६० ते ७० च्या पुढे वाढीचा वेग एकदम चढतो; त्याआधी हात घाला. वाफ दिसणे, डांबरट वास येणे, एका जागी ओल लवकर सुकणे या खुणा त्यानंतरच्या.

तापलेल्या जागी वरून पाण्याची झोड उठवणे ही नेहमीची चूक. पाणी वाटा खोदत खाली जाते आणि त्या वाटांनी पुढे हवा शिरते. खूप तापलेल्या कोळशावर पाण्यापासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडही होतात. तापलेला भाग यंत्राने खणून बाहेर काढा, मोकळ्या जागेवर ३० सेंटिमीटरहून पातळ पसरा आणि मग फवाऱ्याने थंड करा. तो पुन्हा ढिगात घालू नका, थेट भट्टीकडे पाठवा. खणणारा माणूस वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, अंगावर कार्बन मोनॉक्साइडचे मापक, आणि ढिगावर एकटा कोणी चढायचा नाही. आत जळून पोकळी झालेली असू शकते.

बंकर आणि सायलोची गोष्ट वेगळी. तिथे धूळ आणि ताज्या कोळशातून सुटणारा मिथेन दोन्ही कोंडतात; मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोटक. धुरकट बंकरमध्ये फावड्याने चाळवाचाळव केली की धूळ उठते आणि आतल्या निखाऱ्यावर भडका उडतो. वरचे झाकण बंद ठेवा, तळातून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडा, मोनॉक्साइडचा आकडा उतरेपर्यंत थांबा आणि नंतर खालून हळूहळू रिकामा करा.